लेकीच्या गणिताच्या तासाला बसले आणि घरी येऊन शिकवणारं मशीन बनवलं, बी. एफ. स्किनर यांची गोष्ट

टीईटीची तयारी करणाऱ्या कुणालाही स्किनर कोण असं विचारा, उत्तर तोंडपाठ असतं. साधक अभिसंधान, पेटीतला उंदीर, चोच मारणारं कबूतर. बालमानसशास्त्राच्या भागात हे नाव हमखास येतं. चार पर्याय, त्यातला एक बरोबर, गोल काळा केला की मार्क खिशात.

गंमत म्हणजे ज्या माणसावर हा प्रश्न येतो, त्याला चार पर्यायांचे प्रश्नच पसंत नव्हते.

दुसरी गंमत त्याहून मोठी आहे. आज पोरांच्या हातातल्या मोबाईलवर लर्निंग ॲप चालतं. छोटा प्रश्न येतो, उत्तर दिलं की लगेच हिरवी टिक किंवा लाल फुली, आणि मग पुढची पायरी. हे सगळं या माणसाने शाळेत कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी एका साध्या पेटीत बसवलं होतं. पेटी चालली, पण तिचा धंदा बुडाला. त्या पेटीतलं आपण काय घेतलं आणि काय सोडून दिलं, हे समजून घ्यायचं तर गोष्ट सुरुवातीपासून बघावी लागते.

खटपट्या पोरगा

बर्हस फ्रेडरिक स्किनर यांचा जन्म २० मार्च १९०४ चा. गाव सस्कहॅना, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं रेल्वेचं छोटं गाव. वडील वकील. घरात सगळे त्याला फ्रेड म्हणायचे.

फ्रेडला लहानपणापासून काहीतरी जोडायचा, बनवायचा नाद. रानातली बोरासारखी छोटी फळं गोळा करून तो आणि त्याचा मित्र दारोदार विकायचे. त्यातली पिकलेली आणि कच्ची फळं वेगळी करायला त्याने पाण्यावर चालणारी एक युक्ती तयार केली. झोपायचे कपडे खुंटीला न लावल्याबद्दल आई रोज ओरडायची, तर त्याने खुंटीला दोरी बांधून असं काही जमवलं की कपडे जागेवर नसले की दारात आठवणीची पाटी लटकायची. कपडे अडकवले की पाटी आपोआप वर.

ही पाटी लक्षात ठेवा. माणसाला बोलून सुधारण्यापेक्षा त्याच्या आजूबाजूची मांडणी बदलावी, मग वागणं बदलतं, हा स्किनर यांचा पुढच्या आयुष्यभराचा विचार त्या पाटीत आधीच होता.

पण त्यांना मानसशास्त्रज्ञ व्हायचं नव्हतं. त्यांना लेखक व्हायचं होतं. हॅमिल्टन कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकले. कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांना कथा पाठवल्या, तर त्यांनी चक्क कौतुक केलं. १९२६ मध्ये पदवी घेऊन फ्रेड आईवडिलांच्या घरी लिहायला बसला. आणि वर्ष गेलं तरी हातात काही आलं नाही. आपल्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही, या निष्कर्षाला तो पोहोचला. त्याच काळात त्याने पावलोव्ह आणि वॉटसन वाचले, आणि १९२८ मध्ये थेट हार्वर्डला मानसशास्त्र शिकायला गेला. १९३१ मध्ये पीएचडी झाली.

उंदीर, कबूतर आणि बॉम्ब

हार्वर्डमध्ये त्यांनी ती प्रसिद्ध पेटी बनवली. आत उंदीर, एक कळ, आणि कळ दाबली की खाण्याचा दाणा. उंदीर कधी कळ दाबतो, किती वेळा दाबतो, दाणा बंद केला की काय होतं, याची नोंद कागदावर आपोआप रेघेत उमटायची.

त्यातून निघालेला नियम ऐकायला सोपा आहे. एखाद्या कृतीनंतर लगेच चांगलं काही मिळालं तर ती कृती पुन्हा होते. यालाच प्रबलन म्हणतात. यात महत्त्वाचा शब्द आहे लगेच. दाणा उशिरा मिळाला, तर मधल्या वेळात उंदराने जे काही केलं त्यालाच खतपाणी मिळतं.

दुसऱ्या महायुद्धात तर त्यांनी कबुतरांना बॉम्बचा नेम धरायला शिकवायचं ठरवलं. पडद्यावर लक्ष्याचं चित्र दिसलं की कबुतराने त्यावर चोच मारत राहायची आणि त्यावरून बॉम्बची दिशा ठरायची. १९४३ मध्ये सरकारी पैसाही मिळाला. कबुतरं तयार झाली, पण अधिकाऱ्यांना हा प्रकार काही पचला नाही आणि १९४४ मध्ये प्रकल्प गुंडाळला.

या खटाटोपातून त्यांच्या हाती एक गोष्ट लागली. अवघड कृती एकदम शिकवता येत नाही, पण ती बारीक बारीक पायऱ्यांत तोडली आणि प्रत्येक पायरीला लगेच दाद दिली, तर कबूतर अशक्य वाटणारं काहीही शिकतं. कबूतर चुकलं, तर दोष कबुतराचा धरत नाहीत. पायरी फार मोठी ठेवली गेली, असं मानतात.

१९४४ मध्येच त्यांची धाकटी मुलगी डेबोरा जन्मली. तिच्यासाठी त्यांनी काचेची, आतलं तापमान कायम ठेवणारी उबदार पाळणापेटी बनवली. १९४५ मध्ये एका मासिकात त्यावर लेख छापून आला आणि स्किनर यांनी पोरीवर उंदरासारखे प्रयोग केले, पुढे ती वेडी झाली, अशा अफवा सुटल्या. त्यात काही तथ्य नव्हतं. ती पाळण्यासारखीच वापरायची वस्तू होती आणि डेबोरा मोठी होऊन चित्रकार झाली.

शिकवणाऱ्या मशीनची गोष्टही डेबोरापासूनच सुरू होते.

११ नोव्हेंबर १९५३, गणिताचा तास

स्किनर तेव्हा हार्वर्डमध्ये प्राध्यापक होते. डेबोरा केंब्रिज गावातल्या शाळेत चौथीला होती. शाळेने वडिलांना वर्गात येऊन बसायला बोलावलं होतं. स्किनर मागच्या बाजूला बसून गणिताचा तास बघत होते.

तास अगदी नेहमीसारखा. फळ्यावर उदाहरणं, मुलं वहीत सोडवतायत, बाई बाकांमधून फिरतायत. काही मुलांचं पटकन झालं होतं आणि ती चुळबुळ करत बसली होती. काही मुलं पहिल्याच उदाहरणात अडकली होती आणि रडकुंडीला आली होती. शेवटी कागद गोळा झाले. तपासून उद्या मिळणार होते.

यात कुणालाच काही वावगं दिसलं नसतं. स्किनर यांना मात्र एकाच वेळी दोन चुका दिसल्या. एक, उत्तर बरोबर की चूक हे मुलाला दुसऱ्या दिवशी कळणार, म्हणजे शिकण्याचा तो क्षण केव्हाच निघून गेलेला असणार. दोन, वर्गातली सगळी मुलं एकाच वेगाने चालायला हवीत असं धरलं होतं, जे कुणालाच जमत नव्हतं. प्रयोगशाळेत कबुतराला जी वागणूक मिळते, ती आपल्या पोरीला शाळेत मिळत नाहीये, हे त्यांच्या लक्षात आलं.

बाईंना त्यांनी दोष दिला नाही. उलट त्यांनी हिशोब मांडला. पहिल्या चार वर्षांत मुलाला गणित नीट यायचं, तर त्याच्या उत्तरांना किमान २५ हजार वेळा, कदाचित त्याच्या दुप्पट वेळा, योग्य प्रतिसाद मिळायला हवा. भरलेल्या वर्गात एक शिक्षक एका मुलाला जास्तीत जास्त काही हजार वेळा तो देऊ शकतो. म्हणजे शिक्षक कितीही जीव ओतणारा असला तरी हे काम एका माणसाच्या आवाक्यातलं नाही.

थोड्याच दिवसांत त्यांनी घरी जमवाजमव करून पहिलं मशीन तयार केलं.

मशीन चालायचं कसं?

मशीन म्हणजे बाकावर मावेल एवढी पेटी. वरच्या खिडकीत एक उदाहरण दिसायचं. मुलाने आकड्यांच्या पट्ट्या सरकवून उत्तर जुळवायचं. सुधारलेल्या मशीनमध्ये मग एक खुंटी फिरवायची. उत्तर बरोबर असेल तर खुंटी फिरायची, घंटी वाजायची आणि पुढचं उदाहरण खिडकीत यायचं. चूक असेल तर खुंटी अडकायची. रागावणं नाही, सगळ्यांसमोर उभं करणं नाही. पुन्हा जुळवायचं आणि पुन्हा फिरवायचं.

मार्च १९५४ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातल्या परिषदेत त्यांनी हे मशीन दाखवलं. आणि मग त्यांना कळलं, की आपण पहिले नाही. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकातच असं यंत्र बनवलं होतं. चार कळा, चार पर्याय, योग्य कळ दाबली की पुढचा प्रश्न. ठरावीक उत्तरं बरोबर आली की गोळी बाहेर टाकणारी जोडणीसुद्धा त्याला होती. ते यंत्र विकलं गेलं नाही आणि प्रेसी यांनी १९३२ च्या सुमारास नाद सोडला. स्किनर यांनी पुढे लिहिताना त्यांना त्यांचं श्रेय दिलं.

पण दोन यंत्रांत मूलभूत फरक होता. प्रेसी यांचं यंत्र मुळात परीक्षा घेणारं होतं. मूल आधी दुसरीकडे शिकून येणार, यंत्र ते तपासणार. स्किनर यांना मशीनने शिकवायला हवं होतं. म्हणून त्यांनी पर्याय काढून टाकले. चारपैकी एक ओळखणं सोपं असतं, आणि उरलेले तीन चुकीचे पर्याय वाचताना मुलाच्या डोक्यात भलतंच काहीतरी बसू शकतं. उत्तर मुलाने स्वतः तयार केलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. पुढच्या मशीनमध्ये तर मूल कागदी पट्टीवर उत्तर लिहायचं, दांडी उचलली की ते पारदर्शक झाकणाखाली सरकायचं आणि शेजारी बरोबर उत्तर उघडं पडायचं. म्हणजे उत्तर बघून खाडाखोड करायची सोय बंद.

खरी करामत धड्यात होती

मशीन फक्त पेटी होती. आत घातलेली प्रश्नांची मालिका ही खरी करामत. तिला त्यांनी प्रोग्रॅम म्हटलं, आणि या पद्धतीला प्रोग्रॅम्ड इन्स्ट्रक्शन असं नाव पडलं.

स्किनर यांनी १९५८ मध्ये सायन्स या नियतकालिकात याचं एक छान उदाहरण दिलं होतं. तिसरी-चौथीच्या मुलांना मॅन्युफॅक्चर या अवघड इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग शिकवायचं होतं. त्यासाठी सहा पायऱ्या. पहिल्या पायरीत शब्दाचा अर्थ सांगून तो नुसता बघून लिहायचा. दुसऱ्यात शब्दाचा मधला तुकडा गाळलेला, आणि तो फॅक्टरी या ओळखीच्या शब्दासारखा आहे अशी खूण. तिसऱ्यात सुरुवातीचा तुकडा गाळलेला, खूण मॅन्युअल या शब्दाची. चौथ्या आणि पाचव्या पायरीत दोन जागी एकच अक्षर भरायचं. सहाव्यात अख्खा शब्द गायब आणि वाक्यात तो आपला आपण लिहायचा.

आधार एक एक करून काढत न्यायचा, पण मुलाला पडू द्यायचं नाही. लहान मुलाला सायकल शिकवताना मागचा हात आपण हळूच काढून घेतो, तसंच हे.

मुलं एखाद्या पायरीवर वारंवार चुकायला लागली, तर स्किनर काय करायचे? मुलांना ढ ठरवायचे नाहीत. ती पायरी खोडून नव्याने लिहायचे. मुलांच्या चुका म्हणजे धड्याचा निकाल, असा त्यांचा हिशोब. हार्वर्डमध्ये स्वतःच्या विषयासाठी त्यांनी मशीनची खोली सुरू केली, तेव्हा सुमारे २०० विद्यार्थ्यांची उत्तरं बघून आणि सहकारी जेम्स हॉलंड यांना सोबत घेऊन त्यांनी अशाच पायऱ्या दुरुस्त केल्या.

शिक्षणातली तोपर्यंतची सगळी मोजमापं मुलाला मोजत होती. स्किनर यांनी मोजपट्टी उलटी धरून धड्याला लावली. पेटी, खुंटी, घंटी सगळं विसरलं तरी चालेल, ही एक गोष्ट मात्र विसरता कामा नये.

मग हे बुडालं कसं?

कल्पना गाजत होती, पण मशीन बनवणार कोण? आयबीएमसोबत करार झाला. काही नमुने तयार झाले, पण कंपनीला कॉम्प्युटर आणि टाइपरायटर जास्त महत्त्वाचे होते. वर्षं वाया गेली आणि शेवटी आयबीएम बाजूला झाली. मग १९५९ मध्ये रीम ही कंपनी पुढे आली. ही कंपनी पाणी तापवायचे बंब बनवायची. तिने डायडॅक नावाने मशीन आणायचं ठरवलं. मशीन अडखळायची, तारखा पुढे जायच्या, स्किनर वैतागून पत्रं लिहीत राहायचे. काही वर्षांत हाही गाडा थांबला.

मधल्या काळात बाहेर वातावरण तापलं होतं. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि आपली पोरं गणित-विज्ञानात मागे पडली म्हणून अमेरिकेची झोप उडाली. १९५८ मध्ये कायदा करून शिक्षणात सरकारी पैसा ओतला गेला. १९६० मध्ये व्हर्जिनियातल्या रोआनोक शहरात आठवीच्या मुलांना या पद्धतीने नववीचं बीजगणित दिलं, तर वर्षभराचा अभ्यास त्यांनी एका सत्रात संपवला. ही बातमी देशभर झाली.

मग काय, बाजार भरला. ढिगाने कंपन्या आल्या, विक्रेते घरोघरी फिरून मशीन विकायला लागले. पेटी बनवणं सोपं होतं, म्हणून पेट्या भरपूर आल्या. आत घालायचा प्रोग्रॅम मात्र वेळखाऊ. प्रत्येक पायरी मुलांवर तपासून पुन्हा लिहायची मेहनत फारच थोड्यांनी घेतली. अनेकांनी जुन्या पुस्तकातल्या वाक्यांत गाळलेल्या जागा केल्या आणि त्यालाच प्रोग्रॅम म्हणून विकलं. मुलं कंटाळली, शाळांचा भ्रमनिरास झाला आणि लाट ओसरली.

टीकाही जोरात होती. मुलं म्हणजे कबुतरं नाहीत, हा पहिला आक्षेप. भाषातज्ज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये स्किनर यांच्या भाषेवरच्या पुस्तकाची चिरफाड केली. मूल कधीच न ऐकलेली वाक्यं स्वतः बनवतं, ते नुसत्या प्रबलनाने कसं समजवणार, हा त्यांचा मुद्दा होता. त्यानंतर मानसशास्त्राचा वाराच फिरला. शिवाय ज्या विषयात एकच बरोबर उत्तर नसतं, तिथे ही पेटी काय करणार, हा प्रश्न होताच. निबंध, वाद, शंका, चुकत चुकत स्वतः काही शोधणं, हे बारीक पायऱ्यांत बसत नाही. ही टीका रास्त होती.

मशीन आलं तर शिक्षकांचं काय, ही भीतीही होती. स्किनर यांचं म्हणणं असं की तपासणीची हमाली मशीनने करावी, म्हणजे शिक्षकाला मुलाशी बोलायला वेळ मिळेल. पण १९७१ मध्ये स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा या कल्पनांवरच प्रश्न उभा करणारं त्यांचं पुस्तक आलं आणि माणसांना ताब्यात ठेवू पाहणारा शास्त्रज्ञ हा शिक्का घट्ट बसला. त्याच वर्षी टाइम मासिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकले, कौतुक आणि राग दोन्ही घेऊन.

आज काय उरलंय?

स्किनर यांनी पर्सनल कॉम्प्युटर आलेले पाहिले. १९८० च्या दशकात, वयाच्या ऐंशीत, ते पुन्हा लिहायला लागले की शिकवण्यासाठी हवं होतं ते यंत्र आता मिळालंय. ल्युकेमिया झाल्याचं कळल्यावरही काम थांबलं नाही. १० ऑगस्ट १९९० रोजी बोस्टनमध्ये मानसशास्त्रज्ञांच्या भरलेल्या सभागृहात ते शेवटचं बोलले आणि आठ दिवसांनी, १८ ऑगस्टला, गेले. वय ८६.

त्यानंतर त्यांची पेटी आपल्या खिशात आली. कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा, २०२० मध्ये, महाराष्ट्रात एससीईआरटीने व्हॉट्सॲप स्वाध्याय आणला. आठवड्याला प्रश्नांचा संच, पर्यायातून उत्तर निवडायचं आणि किती बरोबर हे लगेच कळायचं. उद्या कागद मिळतील, ही डेबोराच्या वर्गातली अडचण तिथे राहिली नाही. मुलाने आपल्या वेगाने जावं, हेही आज बहुतेक ॲप मान्य करतात.

पण उरलेल्या गोष्टींचं काय? पर्यायातून उत्तर निवडणं तपासायला सोपं, म्हणून डिजिटल चाचण्यांत तेच सगळीकडे दिसतं. म्हणजे वारसा सांगायचा स्किनर यांचा आणि वापरायचं प्रेसी यांचं यंत्र. चांदण्या, बॅज, सलग किती दिवस ॲप उघडलं याचे आकडे, हेही जोरात आहे. कधी बक्षीस मिळेल हे नक्की नसलं की प्राणी न थांबता कळ दाबत राहतो, हे स्किनर यांनीच दाखवलं होतं आणि जुगाराचं व्यसन त्यावरूनच समजावलं होतं. शिकवताना मात्र त्यांना मिठाईची गरज वाटली नाही. नीट रचलेल्या धड्यात उत्तर बरोबर येणं हेच मुलाला पुरेसं बक्षीस असतं, असं त्यांचं मत होतं.

सगळ्यात महाग गोष्ट मात्र बहुतेक ठिकाणी वाटेतच गळून पडली. ॲप मुलाचे मार्क दाखवतं, आलेख काढतं, पालकांना मेसेज पाठवतं. अमुक प्रश्नावर शेकडो मुलं अडकली, म्हणून तो धडाच आम्ही बदलला, असा मेसेज किती पालकांना येतो?

म्हणून पुढच्या वेळी घरातल्या पोराच्या मोबाईलवर लाल फुली दिसली, तर लगेच त्याच्यावर ओरडू नका. आधी प्रश्न बघा, त्याच्या आधीची पायरी बघा. स्किनर असते तर त्यांनी तेच केलं असतं, आणि मुलाच्या आधी धड्याला नापास केलं असतं.